झेनची बैठक, ताओची उभी साधना आणि जपानी चहा: अडीच दिवसांचं मौनशिबिर कसं आखावं

या तीन गोष्टी एका शिबिरात आणायच्या म्हटलं की पहिला मोह होतो तो खिचडीचा. थोड्या चिनी हालचाली, मग डोळे मिटून पंधरा मिनिटं शांतता, वर हिरवा चहा. असं शिबिर आनंदात पार पडतं, पण सोमवारी सकाळी त्यातलं काहीच अंगात उरलेलं नसतं. आमचा आग्रह असा की तिन्ही साधना आपापल्या मूळ रीतीने, पूर्ण शिस्तीत कराव्यात. कष्ट घ्यायचे ते त्यांच्यामधल्या सांध्यांवर: बैठकीतून उठणं, उठून चालणं, चालत जाऊन चहाच्या खोलीत शिरणं. लक्ष निसटतं ते इथे.

क्रमही ठरलेला आहे. आधी उभं राहायचं, मग बसायचं, शेवटी हात चालवायचे. उभं राहिल्याने शरीर खाली स्थिरावतं, बसल्याने मन. आणि हातात गरम पाणी, नाजूक भांडी आणि समोर माणूस असतानाही ते टिकतं का, हे चहात कळतं.

तिन्हींचं नातं ओढूनताणून जोडलेलं नाही. संस्कृत ‘ध्यान’ चीनमध्ये ‘छान’ झालं आणि जपानमध्ये ‘झेन’. चीनमध्ये ते रुजलं तेव्हा त्याला शब्द मिळाले ते बरेचसे ताओवाद्यांचे. चहाविधीला जपानीत ‘सादो’ किंवा ‘चादो’ म्हणतात. त्यातलं ‘दो’ हे अक्षर म्हणजे ‘ताओ’च, मार्ग. एइसाई (११४१–१२१५) हा भिक्षू ११९१ साली चीनमधून परतला तेव्हा त्याने रिन्झाई झेनची परंपरा आणली आणि चहाही. मठांत चहा प्यायचा तो लांब बैठकींत झोप येऊ नये म्हणून. पुढे सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याने त्याच चहाला साधेपणाचं टोक गाठून दिलं. क्योतोजवळ यामाझाकीतल्या म्योकिआन मंदिरात त्याची म्हणून मानली जाणारी ‘ताइआन’ ही खोली आजही आहे, अवघ्या दोन तातामी चटयांची.

माणसं, जागा, सामान

साधक सहा, फार तर आठ. त्याहून जास्त घेतले की चहाचा विधी तासाच्या पुढे लांबतो आणि शेवटच्या पाहुण्याचे पाय सुन्न पडतात. चालवणारे तिघे हवेत: वेळ आणि घंटा सांभाळणारा (जपानीत जिकिदो), स्वयंपाक पाहणारा (तेन्झो) आणि चहाचा यजमान (तेइशु). एकाच माणसाने दोन कामं घेऊ नयेत. घंटा सांभाळणारा स्वयंपाकघरात डोकावायला गेला की खोलीतल्या सगळ्यांना ते जाणवतं.

बैठकीची खोली साधारण बारा बाय पंधरा फूट. झेनच्या सोतो पद्धतीत भिंतीकडे तोंड करून बसतात, त्यामुळे प्रत्येकाला भिंतीची एक मीटर लांबी लागते. रिन्झाई पद्धतीत साधक खोलीच्या मध्याकडे तोंड करून बसतात. दोन्ही रीती एका शिबिरात आणू नका. या लेखात सगळीकडे सोतोचीच रीत धरली आहे. चहासाठी नऊ बाय नऊ फूट पुरे, म्हणजे जवळपास साडेचार तातामी. तातामी नसल्यास साध्या चटया चालतात, पण चटईला काठ हवा. वाटी काठाच्या अलीकडे ठेवायची की पलीकडे, याला चहात अर्थ आहे.

प्रत्येकाला एक जाड चौकोनी गादी आणि तिच्यावर गोल, घट्ट भरलेली उशी, म्हणजे ‘झाफू’. व्यास सुमारे ३५ सेंटिमीटर, बसल्यावर उंची १२ ते १५. भरायला सावरीचा कापूस उत्तम. फोम घालू नका, तो बसल्यावर डगमगतो आणि कंबर सतत तोल सांभाळत राहते. दोन-तीन जास्तीच्या उशा आणि पाठ टेकायचा मोह होणार नाही अशा सपाट बैठकीच्या दोन खुर्च्या बाजूला असू द्या.

चहासाठी नवशिक्यांनी ‘बोनर्‍याकु’ ही तबकावरची रीत घ्यावी. तिला जमिनीतली शेगडी लागत नाही. लागतं ते एवढंच: गोल तबक, निदान दोन वाट्या (चावान), माच्चाची, म्हणजे हिरव्या चहाच्या बारीक पुडीची डबी (नात्सुमे), बांबूचा चमचा (चाशाकु), बांबूची फेटणी (चासेन), लिननचं पांढरं फडकं (चाकिन), रेशमी रुमाल (फुकुसा), सांडपाण्याचं भांडं (केन्सुइ) आणि लोखंडी किटली. यजमानाने ही रीत जाणत्या माणसाकडून शिकलेली असावी. ती नुसती पडद्यावर पाहून येत नाही, कारण कोपर किती उचलायचं हे पाहून कळत नाही.

दिवसाची आखणी

शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत सगळे पोचावेत. फोन बंद करून एका पेटीत. सहाला हलकं जेवण, सातला सगळ्या सूचना बोलून आणि करून दाखवायच्या, कारण पुढे मौन आहे. आठला वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका. साडेनऊला दिवे बंद.

शनिवार साडेचारला सुरू होतो. पाच ते पावणेसहा उभी साधना. मग २५ मिनिटं बैठक, ८ मिनिटं चाल, पुन्हा २५ मिनिटं बैठक. सातला पेज. आठला श्रमकार्य. साडेनऊ ते अकरा तीन बैठका. साडेअकराला जेवण, मग दीडपर्यंत विश्रांती. दोनला झुओवांग, म्हणजे ताओवाद्यांचं बसून विसरणं, साडेतीनला चहा. पाचला पुन्हा थोडी उभी साधना, पावणेसहाला हलकं जेवण, सातला दोन बैठका, नऊला झोप. रविवारी सकाळ तशीच, फक्त चहा साडेदहाला आणि जेवण मौन सोडून.

पारंपरिक बैठक एक उदबत्ती जळेपर्यंतची, म्हणजे सुमारे ४० मिनिटांची. नवख्यांना २५ मिनिटं ठेवा. चाळीस मिनिटं दात-ओठ खाऊन काढलेल्या माणसाला साधनेची आठवण उरत नाही, गुडघ्याची उरते.

उभं राहणं

‘झान झुआंग’ म्हणजे खांबासारखं उभं राहणं. आज शिकवली जाणारी रीत मुख्यतः चिनी युद्धकलांतून आली आहे. वांग श्यांगझाई (१८८५–१९६३) यांनी तिला आपल्या पद्धतीचा कणा केलं. ताओवादी मठाची ती मूळ साधना नव्हे, पण श्वास ओटीपोटाशी उतरवायला तिच्याइतकं सरळ साधन नाही, म्हणून इथे घेतली आहे.

पाय खांद्याइतके दूर, पंजे समांतर. गुडघे वाकवायचे नाहीत, फक्त कुलूप उघडल्यासारखे सैल सोडायचे. माकडहाड खाली जाऊ द्या, जणू उंच स्टुलाच्या कडेवर टेकताय. हात छातीपुढे, झाडाच्या खोडाला मिठी मारल्यासारखे. कोपरं मनगटांहून किंचित खाली, बोटांच्या टोकांत दोन मुठींचं अंतर. जीभ टाळूला. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, दुसर्‍या दिवशी दहा.

मांड्या थरथरतात, ते ठीक आहे. गुडघ्यात दुखत असेल तर गुडघा पंजाच्या पुढे गेलाय किंवा आत वळलाय, लगेच सरळ व्हा. खरा धोका वेगळा आहे: कोणी गुडघे ताठ आवळून उभं राहिलं, तर रक्त पायांत साचतं आणि भोवळ येते. चेहरा पांढरा पडलेला दिसला की त्या माणसाला हळूच खाली बसवायचं. घंटावाल्याने या काळात डोळे मिटू नयेत.

त्यानंतर ‘बादुआनजिन’, म्हणजे रेशमाचे आठ तुकडे. आकाश पेलणं, डावी-उजवीकडे धनुष्य ताणणं, एकेक हात वर उचलणं, मागे वळून पाहणं, डोकं-शेपूट डोलवणं, पावलांपर्यंत हात नेणं, मूठ वळून डोळे वटारणं आणि शेवटी टाचा उचलून सात वेळा खाली सोडणं. चीनमध्ये २००३ साली ठरवलेली रीत बाराएक मिनिटांत होते. श्वास मोजू नका, हालचाल सावकाश झाली की तो आपोआप जुळतो. पाठीचा मणका सरकलेला असेल त्यांनी सहावा प्रकार मांडीपर्यंतच न्यावा आणि शेवटचा टाचा आपटण्याचा भाग सोडून द्यावा.

बसणं

मांडी घालून बसणं आपल्याला लहानपणापासून येतं, म्हणून मराठी साधक इथे गाफील राहतो. पण पंगतीतली मांडी सपाट जमिनीवरची असते. पाठ पुढे वाकते आणि गुडघे वर राहतात. झाझेनला, म्हणजे झेनच्या बैठकीला, दोन्ही गुडघे गादीला टेकलेच पाहिजेत. दोन गुडघे आणि बूड असे तीन पाय असलेली तिवई झाली की कणा स्वतःच उभा राहतो. गुडघे तरंगत असतील तर उशी उंच करा. तरीही टेकत नसतील तर गुडघ्याखाली टॉवेलची घडी द्या. उशीच्या फक्त पुढच्या तिसर्‍या भागावर बसायचं. मागे सरकून बसलं की मांडीची मागची नस उशीच्या कडेवर दाबली जाते आणि दहाव्या मिनिटाला पाय झोपतो.

अर्धपद्मासन, साधी मांडी किंवा उशी पायांमध्ये घेऊन वज्रासन, यातलं जे जमेल ते. उजवा तळवा खाली, त्यावर डावा, अंगठ्यांची टोकं एकमेकांना जेमतेम लागलेली, मध्ये कागद धरावा इतपतच. हा अंगठ्यांचा पूल मनाचा काटा आहे. झोप आली की तो कोसळतो, ताण वाढला की डोंगरासारखा वर येतो. साधकाने अधूनमधून तिथेच पाहावं.

डोळे अर्धे उघडे, नजर ४५ अंश खाली. इगतपुरीला विपश्यना करून आलेल्यांना ही गोष्ट सगळ्यात जड जाते, कारण तिथे डोळे मिटलेले असतात आणि श्वास मोजायचा नसतो. त्यांना आधीच सांगा की अडीच दिवस ती रीत बाजूला ठेवायची आहे. दोन्ही एकत्र चालवल्या की एकही होत नाही.

सोतोची पूर्ण वाढलेली बैठक ‘शिकानताझा’ आहे, नुसतं बसणं. पण सुरुवातीला श्वास मोजायला द्या. उच्छ्वासावर एक, पुढच्यावर दोन, असं दहापर्यंत आणि पुन्हा एक. सुटलं की चिडचिड न करता एकवर. मोजता मोजता कोणी सतरावर पोचतो, म्हणजे आकडे चालू राहिलेत आणि माणूस निघून गेलाय. कोणी आकड्याला जुळवायला श्वास लांबवतो आणि छाती आवळते. त्याला सांगायचं, आकडा श्वासामागून चालू दे, पुढून नको.

भिंतीवर चेहरे दिसणं, अंग मोठं झाल्यासारखं वाटणं, अचानक रडू येणं, याला झेनमध्ये ‘माक्यो’ म्हणतात. काही मोठं घडलं असं समजू नये आणि घाबरूही नये. आकड्याकडे परत यावं. मात्र रडू थांबतच नसेल किंवा रात्री झोप उडाली असेल, तर त्या साधकाला बैठकीतून बाहेर काढून बोलू द्या. गंभीर मनोविकाराचा इतिहास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावं, हे नाव नोंदवतानाच सांगितलेलं बरं. खांद्यावर मारायची सपाट काठी (क्योसाकु) जाणत्या गुरूशिवाय वापरू नये.

घंटा आणि चाल

बैठक सुरू होताना तीन ठोके, चालीसाठी उठताना दोन, बैठक संपवून मोकळं होताना एक. पुढचा ठोका आधीचा नाद विरल्यावर.

दोन ठोके पडल्यावर लगेच उठायचं नाही. आधी हात गुडघ्यांवर, मग धड डावी-उजवीकडे डोलवायचं, सुरुवातीला छोटं आणि मग मोठं. पाय सोडायचे. सुन्न पाय शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं, मुंग्या गेल्या की उठायचं. शिबिरात घोटा मुरगळतो तो इथेच: बाकीचे उभे राहिले म्हणून लाजेने कोणी झोपलेल्या पायावर भार देतो आणि पाऊल आत वळतं. शुक्रवारी हे स्पष्ट सांगा की शेवटी उठणारा कोणालाही खोळंबवत नाही.

चालीत (किन्हिन) डाव्या हाताची मूठ, अंगठा आत, तिच्यावर उजवा तळवा, छातीशी. एका पूर्ण श्वासाला अर्धं पाऊल, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. आठ मिनिटांत खोलीचा एक फेराही पुरा होत नाही. होत असेल तर वेग जास्त आहे.

जेवण आणि झाडलोट

सोतो मठांत सकाळी तांदळाची पेज, तीळ-मीठ आणि लोणचं असतं. आपल्याकडे याला काहीच शोधाशोध लागत नाही. सहा जणांना ३०० ग्रॅम तांदूळ, तीन लिटर पाणी, मंद आचेवर पाऊण तास. भाजलेले तीळ आठ भाग आणि मीठ एक भाग, भरड कुटून. दुपारी भात, पातळ वरण, एक उकडलेली भाजी. मिरची-लसूण कमी ठेवा, संध्याकाळच्या बैठकीत ते जाणवतात.

श्रमकार्याला ‘सामु’ म्हणतात. काम खरं असावं, म्हणजे चहाच्या खोलीकडे जाणारी वाट झाडणं, चटया पुसणं, वाट्या धुणं. पाहुणे यायच्या आधी जपानमध्ये वाटेवर पाणी शिंपडतात, त्याला ‘उचिमिझु’ म्हणतात. आपल्या अंगणातला सडाच तो. साडेतीनच्या चहाला सव्वातीनला शिंपडा. फार आधी शिंपडलं तर वाट वाळून जाते.

दुपारचं विसरणं

‘झुओवांग’ म्हणजे बसून विसरणं. ‘झुआंगझी’ या ताओवादी ग्रंथाच्या सहाव्या प्रकरणात यान हुई हा शिष्य गुरूला सांगतो की हात-पाय गळू दिले, ऐकणं-पाहणं सोडलं, आकार आणि जाणतेपण मागे टाकलं. थांग काळातल्या सिमा चंगझन (६४७–७३५) याने याच साधनेच्या सात पायर्‍या मांडल्या.

शिबिरात याला पाऊण तास द्या, शक्यतो उघड्यावर, झाडाखाली. मोजणी नाही, ठरलेलं आसन नाही, भिंतीला टेकलं तरी चालेल. सूचना एकच: आवाज कानावर येऊ दे, तू ऐकायला जाऊ नकोस. सकाळी इतकं नेमकं बसल्यावर दुपारी हे सैल सोडणं जमतं. पहिल्याच दिवशी, बैठकीआधी ठेवलं तर माणसं सरळ झोपी जातात.

चहा

माच्चाचं प्रमाण: पातळ चहाला (उसुचा) माणशी २ ग्रॅम, म्हणजे बांबूच्या चमच्याने भरघोस दोन. पाणी ७० मिलिलिटर, सुमारे ८० अंशांवर. उकळतं पाणी एका थंड भांड्यातून दुसर्‍यात ओतलं की दर ओतण्याला साधारण दहा अंश उतरतात. सहा जणांच्या दोन चहांना २४ ग्रॅम लागतात, सरावासह ४० ग्रॅमचा डबा पुरतो. पाणी मृदू हवं. बोअरच्या जड पाण्यात रंग मंदावतो, फेस बसतो आणि चव मातकट लागते. त्यापेक्षा गाळणीयंत्राचं पाणी बरं.

माच्चा त्याच दिवशी सकाळी बारीक चाळणीतून चाळा. पूड इतकी बारीक असते की तिच्या गुठळ्या होतात, आणि त्या फेटून मोडत नाहीत. डबा फ्रिजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. दमट हवेत, कोकणात तर हमखास, आतल्या पुडीला घाम सुटतो.

यजमान रेशमी रुमालाने डबी आणि चमचा पुसतो, वाटीत गरम पाणी घेऊन त्यात फेटणी भिजवतो आणि वर उचलून तिचे दात तपासतो. कोरडी फेटणी वापरली तर दात मोडून चहात पडतात. पाणी केन्सुइत टाकून वाटी फडक्याने पुसायची, ती पूर्ण कोरडी हवी. मग माच्चा, मग पाणी.

फेटणं म्हणजे रवीने ताक घुसळणं नव्हे. गोल फिरवलं की पूड कडेला चिकटते. डाव्या हाताने वाटी धरा. फेटणी उभी, तळाला जेमतेम न टेकलेली. मनगट सैल सोडून पुढे-मागे झपाझप, पंधरा-वीस सेकंद. फेस जमला की फेटणी थोडी वर घेऊन पृष्ठभागावर संथ चालवा, मोठे बुडबुडे फुटतात. शेवटी एक वळसा घेऊन मधोमध सरळ वर उचला. चहाच्या उरासेन्के घराण्यात संपूर्ण फेस आणतात. ओमोतेसेन्केत थोडा भाग चंद्रकोरीसारखा मोकळा ठेवतात. जे शिकलात ते करा.

चहाआधी गोड खाऊन संपवायचं. जपानी ‘कोन्पेइतो’ ही काटेरी साखरगोळी पोर्तुगीजांच्या मिठाईवरून आली. तिच्या जागी आपला संक्रांतीचा काटेरी हलवा अगदी चपखल बसतो, तोही तापल्या भांड्यात पाकाचे थर चढवून होतो. माणशी पाच-सहा दाणे, घडी घातलेल्या पांढर्‍या कागदावर. वेलची, केशर, गुलाब असलेलं काही नको, माच्चाचा वास दबतो.

पाहुणा वाटी काठाच्या आत घेतो, शेजार्‍याला ‘ओसाकिनि’ (तुमच्या आधी घेतो) म्हणतो, यजमानाला ‘ओतेमाए चोदाइ इताशिमासु’ म्हणून नमस्कार करतो. वाटी डाव्या तळव्यावर, उजव्या हाताने दोनदा घड्याळाच्या दिशेने फिरवायची, म्हणजे तिचा दर्शनी भाग ओठांना लागत नाही. तीन-चार घोटांत संपवायचं, शेवटचा घोट आवाजासह. ओठ लागलेली कड बोटांनी पुसायची, बोटं कागदाला, वाटी उलट फिरवून काठाबाहेर ठेवायची. मग दोन्ही कोपरं मांड्यांजवळ ठेवून, वाकून, वाटी नीट पाहायची. उंच उचलून पाहू नये, हातातून सुटली तर फुटते.

अडीच दिवसांत मौनात उच्चारायची वाक्यं हीच. इतक्या तासांच्या शांततेनंतर शेजार्‍याला ‘तुमच्या आधी घेतो’ म्हणताना आवाज किती जड निघतो, हे प्रत्येकाला कळू द्या. घाई करणार्‍या यजमानामुळे हा क्षण निसटतो. एका वाटीला पाच-सहा मिनिटं धरा, सगळ्या विधीला एक तास.

एवढा वेळ वज्रासन झेपणार नाही त्यांना मांडीची परवानगी द्या. गुडघेदुखी असेल तर टेबल-खुर्चीची ‘र्‍युरेइ’ रीत आहेच. ती १८७२ साली क्योतोच्या प्रदर्शनासाठी उरासेन्केच्या अकराव्या प्रमुखांनी बसवली, त्यात कमीपणा काही नाही. पाचनंतर आणि उपाशीपोटी माच्चा देऊ नका. पहिल्याने झोप जाते, दुसर्‍याने मळमळतं.

आवराआवर

रविवारी दुसर्‍या चहानंतर भांडी साधकांनीच धुवावीत. फेटणी साबणाशिवाय, कोमट पाण्यात हलवून, दात बोटांनी सारखे करून उभी वाळवा. ओली असताना प्लास्टिकच्या नळीत परत घातली तर पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते. लोखंडी किटलीतलं पाणी पूर्ण काढून, ती गरम असतानाच झाकण उघडं ठेवायचं. कच्च्या भाजणीच्या राकु वाट्या पाणी शोषतात. त्या चांगल्या दोन-तीन दिवस हवेशीर जागी ठेवून मगच पेटीत घाला.

फोनची पेटी भांडी जागच्या जागी लागल्यानंतर उघडायची, आधी नाही.